किनाऱ्यावरच्या पेटीचं कुलूप

मी दूध तपासते. संगमनेरच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली कित्येक वर्षं माझं हेच काम आहे. टँकर आला की नमुना घ्यायचा, फॅट बघायचं, मग पाणी घातलंय का, साखर घातलीय का, युरिया आहे का ते शोधायचं. थोडक्यात, लोकांवर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या कामाचा दोष किती आणि माझा स्वतःचा किती, हे मला अजून नीट वेगळं काढता आलेलं नाही.

माझं माहेर शनिशिंगणापूरचं. गावाचं नाव घेतलं की समोरचा लगेच विचारतो, खरंच का हो तुमच्या घराला दार नाही? त्यामुळे कॉलेजात असताना मी नुसतं ‘नेवासा तालुका’ म्हणून वेळ मारून न्यायची. हो, नाही दार. चौकट आहे, तिला पडदा आहे, आणि कुत्रं आत येऊ नये म्हणून खाली एक आडवी फळी आहे. कपाटाला कुलूप नाही, पेटीला कडी नाही. लहानपणी आम्हाला यात काही विशेष वाटलं नाही. मला विशेष वाटायला लागलं ते लग्न होऊन संगमनेरला फ्लॅटमध्ये आल्यावर, जिथे सेफ्टी डोअर, मुख्य दार आणि वर साखळी लावल्याशिवाय मला झोप लागेनाशी झाली.

घरी आता आई आणि माझा धाकटा भाऊ. भावाचं देवळाच्या रस्त्यावर तेल, रुईच्या माळा, काळं कापड असं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. शनिवारी त्याला पाणी प्यायला सवड नसते आणि मंगळवार-बुधवारी तो माशा मारत बसतो. या रिकाम्या दिवसांतच त्याला लॅपटॉपवरच्या त्या गेमचा नाद लागला आणि त्याने मला त्यात ओढलं.

गेम असा, की तुम्ही एका अनोळखी बेटावर उघडेबोडके येऊन पडता. थंडी, भूक, ऊन यांतून जगायचं. बेटावर चित्रविचित्र प्राणी असतात. त्यांना दमवायचं, एक गोळा फेकून त्यात पकडायचं, मग पाळायचं आणि त्यांच्याकडून कामं करून घ्यायची. भावाने आमच्या दोघांसाठी असं एक जग भाड्याने घेतलं होतं, म्हणजे कुणीही कधीही आत जावं, दुसरा असला पाहिजे असं नाही. नियम त्याने मुद्दाम कडक ठेवले होते. पाळलेला प्राणी मेला की मेला, परत मिळायचा नाही.

“तायडे, तुला लढाई जमायची न्हाई,” तो म्हणाला. “तू आपली मासे धर.”

मी मासे धरले. आमच्या तालुक्यात जन्मलेल्या बाईला समुद्राचं काय कळणार, पण नमुने तपासून तपासून माझी नजर तयार झालेली होती. पाण्यात सावल्या दिसतात. बारीक सावल्यांच्या नादी लागायचं नाही. मोठी सावली संथ फिरते, तिच्या पुढ्यात आमिष टाकायचं, अंगावर नाही. लागली की दोरीची पट्टी बघत राहायची. मासा पळतो तेव्हा दोरी सैल सोडायची, थांबतो तेव्हा ओढायची. भाऊ उतावळा, तो पळत्या माशालाच ओढायचा आणि दोरी तोडून घ्यायचा. या एका बाबतीत तो माझा शब्द मानायचा.

बुडालेलं सामान वर काढणं हे त्याचं काम. पाण्यावर कुठेतरी चकाकी दिसते, तिथे आकडा टाकायचा आणि खालची पेटी किंवा भंगार ओढून घ्यायचं. गिअर, लोखंड, कधी औषधं, कधी जुन्या बंदुका. वादळानंतर चकाकी जास्त. पण एका जागी आकडा फार वेळा टाकला की खालची जनावरं चवताळून वर येतात, म्हणून त्याचा नियम होता की तीन ओढी झाल्या की ती जागा सोडायची. दुसरा नियम, समुद्रात जाताना हात रिकामे ठेवायचे. अंगावर ओझं असलं की पळता येत नाही. त्यामुळे औषधापासून सगळं किनाऱ्यावरच्या मोठ्या पेटीत काढून ठेवायचं आणि मगच पाण्यात उतरायचं.

आणि आमची म्हैस. खरं तर तो एक समुद्री प्राणी, पण काळा, रुंद, डोळे अर्धवट मिटलेले, त्यामुळे बघताक्षणी मी म्हणाले, ही तर म्हैस. अख्खी दुपार लागली होती तिला धरायला. दोरी माझ्या हातात होती आणि गोळा त्याने फेकला. गोळा तीनदा हलला आणि गप्प झाला, तेव्हा फोनवर आम्ही दोघं इतकं हसलो की तिकडे आई पडद्याआडून बघायला आली. तिच्या पाठीवर एकच माणूस बसतो. ती जाईल तिथवर समुद्र आमचा होता.

त्यानंतर महिन्याभरात सोनईला चुलत बहिणीचं लग्न निघालं. माहेर तिथून जवळ, म्हणून मी आदल्या दिवशी घरी मुक्कामाला गेले. अंगावर घालायला सासूबाईंच्या पाटल्या आणि माझं मोठं मंगळसूत्र, हार असं सगळं बॅगेत होतं. बाहेर रस्त्यावर परगावची गर्दी, मध्ये नुसता पडदा. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी बॅगेच्या चेनला छोटं पितळी कुलूप लावलं. संगमनेरहून निघतानाच ते पर्समध्ये टाकलं होतं, हेही कबूल करते.

भाऊ आत आला तो चार्जर घ्यायला. माझ्या बॅगेत हात घालायला त्याला कधी विचारावं लागलं नव्हतं. चार्जर, कंगवा, गोळ्या, खाऊ, जे लागेल ते तो लहानपणापासून घेत आला होता. त्याने चेनला हात लावला, कुलूप दोन बोटांत धरलं, थोडा वेळ बघितलं आणि हळूच खाली सोडलं.

“आपल्या घरात कुलूप, ताई?” एवढंच तो म्हणाला.

तायडे म्हणाला नाही, ताई म्हणाला. मी पाटल्यांचं सांगायला लागले, सासूबाईंचं सांगितलं, गर्दीचं सांगितलं, पण तोवर तो बाहेर गेला होता. लग्नात तो माझ्या पंगतीला बसला नाही. मला वाटलं, नाकावर राग आहे, आठवड्यात उतरेल. तो दीड वर्ष माझ्याशी बोलला नाही. भाऊबीजेला समोर बसला, ओवाळून घेतलं, ताटात घालायचं ते घातलं आणि उठून दुकानात गेला. आई फोनवर म्हणायची, “त्यो काय वाईट बोलत न्हाई तुझ्याबद्दल. काईच बोलत न्हाई.” ते ऐकून मी फोन ठेवायची आणि ओट्यापाशी उभी राहून रडायची.

फक्त एक गोष्ट त्याने केली नाही. त्या जगातून मला काढून टाकलं नाही.

मी जात राहिले. मासे धरायचे आणि किनाऱ्यावरच्या पेटीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ते गेलेले असायचे आणि त्यांच्या जागी नवं आमिष किंवा दुरुस्त केलेला गळ असायचा. बोलणं नाही, चिठ्ठी नाही. पेटीत ठेवायचं आणि पेटीतून घ्यायचं, एवढंच. तीन-चार महिन्यांनी पेटीशेजारी लाकडी पाटी दिसली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘मोठी सावली पश्चिमेला, पावसात.’ ती पाटी मी किती वेळा वाचली सांगत नाही. हळूहळू आम्ही एकाच वेळी आत दिसू लागलो. शेजारी शेजारी उभे राहून गळ टाकायचो. मला तेवढं पुरत होतं. या वाटेने तो कधीतरी परत तायडे म्हणेल अशी मला आशा होती, आणि दुसऱ्या कुठल्याही वाटेची नव्हती.

मग त्याने सोनईच्या एका ओळखीच्या माणसाला आत घेतलं. तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला माणूस, हे आईकडून कळलं; अधूनमधून यायचा. त्यानंतर पेटीतून गिअर आणि लोखंड कमी व्हायला लागलं. आज थोडं, उद्या थोडं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. डेअरीत दूध पातळ लागलं की मी जशी शांतपणे नमुना बाजूला काढते, तशी मी चार दिवस पेटी बघत राहिले. माल जातच होता. भावाला विचारावं तर बोलणं नाही. पाटीवर लिहावं तर तो सोनईवाला वाचणार.

बुधवारी मी पेटीला आकड्यांचं कुलूप लावलं. गेममध्ये तशी सोय आहे, चार आकडे टाकले की झालं. आकडे कोणते टाकायचे याचा विचारही केला नाही. आमच्या वडिलांच्या जुन्या स्कूटरच्या नंबरातले चार. माझं एटीएम, माझा फोन, सगळीकडे तेच आहेत. भावाला नंतर कळवू असं म्हटलं. कसं कळवणार होते, हे मात्र ठरवलं नाही. गुरुवार, शुक्रवार डेअरीत ऑडिट होतं आणि शनिवारी त्याचा धंद्याचा दिवस.

रविवारी दुपारी मी आत गेले तेव्हा तो आधीच किनाऱ्यावर होता. त्याने पेटीला हात लावून बघितला होता की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. नुकतंच वादळ होऊन गेलं होतं आणि लांब पाण्यावर चकाकी दिसत होती. तो म्हशीवर बसला, मी माझ्या छोट्या प्राण्यावर, आणि आम्ही निघालो.

पहिल्या ओढीला लोखंड आलं. दुसऱ्या ओढीला औषधाच्या रिकाम्या बाटल्या. तिसऱ्या ओढीला मोठी पेटी वर आली, अगदी पाण्याच्या कडेला, आणि सटकली. भावाने आकडा गुंडाळला. तीन झाल्या होत्या. तो वळलासुद्धा. पण पेटी मला खाली दिसत होती, तशीच चकाकत. मी एका खडकावर उतरले आणि आकडा टाकला.

पेटी आली, आणि तिच्यामागून ती जनावरं आली. तीन होती, लांब तोंडाची. भाऊ माझ्याकडे परत आला. म्हैस मध्ये घातली आणि त्याने त्यांना परतवलं, पण त्यातल्या एकाने तिला चावा घेतला. तिच्या नावाखालची जिवाची हिरवी पट्टी जांभळी झाली आणि थोडी थोडी उतरायला लागली. आमच्या जगात विष आपोआप उतरत नाही. गोळ्यात परत घेतलं तरी भिनतच राहतं. उतारा एकच, तो हिरव्या बाटलीतला, आणि बाटल्या किनाऱ्यावरच्या पेटीत होत्या. पूर्वी असे प्राणी दगावलेले मी पाहिले होते. मोठ्या प्राण्याला साधारण दहा मिनिटं मिळतात.

भाऊ वळला आणि म्हशीला घेऊन सरळ किनाऱ्याकडे निघाला. मी खडकावर. अंगावर ओढून काढलेल्या पेटीचं ओझं, पाऊल उचलेना, आणि माझा छोटा प्राणी त्या ओझ्यासकट मला घेईना. तो पाण्यावर लहान लहान होत जाताना मला एकदम आठवलं, कुलूप.

 मी चटकन गेमच्या चॅटमध्ये टाईप करायला घेतलं. नुसते चार आकडे लिहायचे होते. चार बोटं, दोन सेकंद. पण मी काय लिहायला घेतलं, तर ‘ते कुलूप तुझ्यासाठी नाही, त्या सोनईवाल्यासाठी लावलंय, पेटीतून माल जात होता म्हणून’. मला आधी माझी बाजू मांडायची होती. म्हैस मरत असताना मी वाक्य नीट करत बसले. कोपऱ्यातल्या नकाशावर त्याचा ठिपका पेटीपाशी पोचला आणि थांबला. पट्टी एक तृतीयांश उतरली होती. मी आकडे लिहायला लागले आणि लाईट गेली.

इन्व्हर्टरवर आमचे पंखे आणि दिवे आहेत, कॉम्प्युटर नाही.  मी फोन उचलला. दीड वर्षात त्याचा नंबर मी लावला नव्हता. रिंग पूर्ण वाजली आणि बंद झाली. परत लावला, परत वाजून बंद झाला. मला दिसत होतं, तो फोनकडे बघतोय, माझं नाव बघतोय आणि उचलत नाहीये.

आईला लावला. ती घरात डाळ निवडत होती.

“आई, फोन घेऊन दुकानात जा. आत्ता.”

“काय झालं गं?”

“काही झालं नाही, तू जा फक्त. लवकर जा.”

“आगं माझा गुडघा...”

“आई, जा ना.”

घर ते दुकान शंभर-दीडशे पावलं. मी ती ऐकत होते. तिचं कण्हणं, चपला, फळी ओलांडताना टेकलेला हात, मग रस्त्यावरचा गाड्यांचा आवाज, कुणीतरी तिला थांबवून विचारलं, “मावशी, बरं हाय का?” आणि ती थांबून उत्तर द्यायला लागली. मी फोनमध्ये ओरडले. आयुष्यात आईवर मी कधी अशी ओरडले नव्हते. घड्याळ समोरच होतं. सात मिनिटं होऊन गेली होती.

“घे,” आई म्हणाली. “ताईचा फोन हाय. बोल. काईतरी झालंय तिला.”

फोन हातात घेतल्याचा आवाज आला. मागे देवळातली घंटा वाजत होती. 

“ऐक,” मी म्हणाले, “पेटीचा नंबर सांगते, लिहून घे...”

“म्हाईत हाय मला.”

“काय?”

“बाबांच्या स्कूटरचा. दुसरा कुठला असणार हाय तुझा?”

मला काही कळेना. “मग उघडली का नाहीस?”

  त्याने विचारलं, अगदी हळू, “उघडू का?”

आमच्या घरात हा प्रश्न कधी कुणी कुणाला विचारला नव्हता. आईने आम्हाला नाही, आम्ही आईला नाही, शेजाऱ्याने आम्हाला नाही. तो पाच-सहा मिनिटं पेटीसमोर उभा होता. नंबर त्याला माहीत होता. समोर म्हैस संपत होती. आणि मी हो म्हणेपर्यंत त्याने कुलपाला हात लावला नाही.

“उघड,” मी म्हणाले. “उघड रे, विचारतोस काय.”

बटणं दाबल्याचे चार आवाज आले. मग माऊसची टिचकी.

“गेली,” तो म्हणाला. “बाटली काढली आन गेली.”

मी म्हणाले, माझं चुकलं. एकदा नाही, पुष्कळदा म्हणाले. सोनईवाल्याचं सांगितलं, माल जात होता ते सांगितलं.

“माल मीच नेत हुतो,” तो म्हणाला. “तिकडं पेटीमागच्या दगडाच्या पलीकडं बघ लाईट आल्यावर.” आणि त्याने फोन आईकडे दिला.

लाईट आल्यावर मी बघितलं. त्या दगडाच्या पलीकडे, मी कधी जात नव्हते त्या बाजूला, किनाऱ्यापासून खोल पाण्याकडे लोखंडी फळ्यांचा धक्का बांधत आणलेला होता. मला पाण्याची भीती आहे हे त्याला माहीत होतं. प्राण्यावरून घसरून मी किती वेळा बुडाले हे त्याने मोजलं असणार. टोकाला गळ टाकायला उभं राहता येईल अशी रुंद जागा आखलेली होती, पण तिथवर फळ्या पोचल्याच नव्हत्या. बुधवारपर्यंतचं काम झालं होतं.

कुलूप मी त्याच दिवशी काढलं. पुढच्या रविवारी सकाळची एसटी धरून माहेरी गेले. त्याने दुकानातून मान वर केली आणि म्हणाला, “आलीस? चहा घे.” आम्ही बोललो. म्हशीबद्दल बोललो, नवी सावली कुठे दिसली त्याबद्दल बोललो, तो एकदा हसलासुद्धा. आईने पुरणपोळी केली. दीड वर्षाने तिच्या हाताला इतकी घाई मी पाहिली. मला वाटलं, चला, भागलं.

बॅग मी मधल्या खोलीत ठेवली होती. कॉटवर, सगळ्यांना दिसेल अशी, चेन पूर्ण उघडी. वरच चार्जर ठेवला होता, तो मुद्दाम ठेवला होता हेही कबूल करते.

दुपारी तो दुकानातून आला. हातात फोन, बॅटरी संपत आलेली. कॉटपाशी गेला, उघड्या बॅगेत बघितलं, चार्जर त्याच्या हाताच्या अंतरावर होता. हात पुढे गेला आणि थांबला. त्याने वळून माझ्याकडे बघितलं.

“ताई,” तो म्हणाला, “चार्जर घेऊ का?”

“घे,” मी म्हणाले, आणि आईच्या मदतीला आत गेले.